दुकानात डिजिटल फलक लावताय? इंच ठरवण्याआधी एवढं करा

पुण्यातल्या आमच्या फरसाणाच्या दुकानात भावफलक म्हणून, आणि पुढे रत्नागिरीला मेहुण्यांच्या दवाखान्यात टोकन दाखवायला, स्क्रीन बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दोन्ही वेळी फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न यायचा, "किती इंची पाहिजे?" खरं तर हा प्रश्न शेवटी यायला हवा. उजेड किती, वाचणारा किती लांब, रोज किती तास चालणार आणि पडद्यावर काय दिसणार, हे ठरलं की इंच आपोआप ठरतात. ज्या पुरवठादाराला हे कळतं, तो कोटेशन पाठवण्याआधी दुकान बघायला येतो. माणूस पारखायची ही माझी पहिली खूण.

खालचा क्रम छोटी दुकानं, उपाहारगृहं, दवाखाने, क्लासेस यांच्यासाठी आहे. मॉल किंवा रेल्वे स्थानकाचं काम वेगळं असतं.

१. फोन करण्याआधी जागा मोजा

दुपारी बारा ते चार या वेळेत, जिथे स्क्रीन लावायची तिथे उभे राहा. ऊन थेट येतं का? समोर काचेचं दार आहे का? दुकान पश्चिमाभिमुख असेल तर संध्याकाळी पाचचं ऊनही बघा. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे त्या भिंतीचे मोबाइलवर फोटो काढा. पुरवठादाराला दाखवायला हेच फोटो सगळ्यात कामाचे ठरतात.

मग गिऱ्हाईक जिथून वाचणार तिथून भिंतीपर्यंत टेप धरा. ढोबळ नियम असा की दर दहा फुटांमागे अक्षराची उंची एक इंच हवी. ४३ इंची आडव्या स्क्रीनची उंची जेमतेम २१ इंच भरते. एक इंची देवनागरी अक्षर घेतलं तर वरची वेलांटी, मात्रा, खालचा उकार आणि दोन ओळींमधली जागा धरून एका ओळीला दोन इंच जातात. म्हणजे दहा ओळी. तुमच्या भावफलकावर पंचवीस पदार्थ असतील तर दोन रकाने करा, दोन स्क्रीन घ्या किंवा पदार्थ कमी दाखवा. हा हिशेब कागदावर न केल्यामुळे कित्येक ठिकाणी पडद्यावर मुंग्यांसारखी अक्षरं दिसतात.

भिंत विटांची आहे की जिप्समची, तेही ठोकून बघा. जिप्समच्या पार्टिशनवर नुसता ब्रॅकेट टिकत नाही, मागून प्लायचा आधार द्यावा लागतो. जवळचा विजेचा पॉइंट आणि इंटरनेटची केबल कुठून येणार, हेही लिहून ठेवा.

२. घरगुती टीव्ही चालेल का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि विचारायलाच हवा, कारण तेवढ्याच इंचाचा घरगुती टीव्ही व्यावसायिक डिस्प्लेपेक्षा बराच स्वस्त मिळतो.

कधी चालेल? दवाखान्याच्या आतल्या खोलीत, ऊन नसताना, दिवसाचे सहा-आठ तास, हलती चित्रं दाखवायची असतील तर चालून जातो. पण दुकानात लावला तर घरगुती वापरासाठीची वॉरंटी बहुतेक कंपन्या देत नाहीत. ते वॉरंटी कार्डावरच छापलेलं असतं, घेण्याआधी वाचा.

कधी चालणार नाही, ती यादी मोठी आहे. स्क्रीन उभी लावायची असेल तर घरगुती टीव्हीची उष्णता बाहेर टाकायची रचना आडव्या ठेवणीसाठीच केलेली असते. एकच भावफलक दिवसभर स्थिर राहणार असेल तर पडद्यावर जुन्या अक्षरांची सावली उमटून राहू शकते. ओएलईडी टीव्हीत हा धोका सगळ्यात जास्त, म्हणून भावफलकाला ओएलईडी घेऊच नका, कितीही सुंदर दिसला तरी. वीज जाऊन आली की व्यावसायिक डिस्प्ले आपोआप सुरू होऊन आपल्या आधीच्या इनपुटवर येईल असं सेटिंग करता येतं. घरगुती टीव्ही बऱ्याचदा स्टँडबायवर बसून राहतो, नाहीतर मुख्य मेनू दाखवतो, आणि मग गल्ल्यावरचा मुलगा स्टुलावर चढून रिमोट मारतो. आपल्याकडे दिवसातून दोनदा वीज जाते अशी गावं कमी नाहीत, तेव्हा ही एक गोष्टच निर्णय करून टाकते. व्यावसायिक डिस्प्लेत रिमोट आणि बटणं लॉकही करता येतात. गर्दीच्या हॉटेलात याची किंमत कळते.

३. माहितीपत्रकातल्या कोणत्या ओळी वाचायच्या

पत्रक दोन-चार पानी असतं. त्यातल्या मोजक्याच ओळी महत्त्वाच्या आहेत.

*निट्स.* हे उजळपणाचं माप. घरगुती टीव्ही साधारण २५० ते ३५० निट्सचा असतो. दुकानाच्या आत ३५० ते ५०० पुरतात. भरपूर ट्यूबलाइट आणि मोठं काचेचं दार असेल तर ७०० बघा. शोकेसमध्ये काचेमागून रस्त्याकडे तोंड करून लावायची असेल तर २,५०० च्या खाली जाऊ नका. तिथे ५०० निट्सची स्क्रीन लावली तर दिवसा तुमच्या जाहिरातीऐवजी समोरच्या रिक्षा दिसतील. उजेड वाढला की वीजही वाढते. ५५ इंची साधा व्यावसायिक डिस्प्ले १५० वॅट घेतो असं धरलं तर चौदा तासांत २.१ युनिट, महिन्याला सुमारे ६३ युनिट होतात. जास्त उजळ मॉडेल याच्या दुप्पट-तिप्पट घेऊ शकतं.

*चालण्याचे तास.* पत्रकात १६/७ किंवा २४/७ लिहिलेलं असतं, म्हणजे रोज सोळा किंवा चोवीस तास. सकाळी सातला उघडून रात्री दहाला बंद होणाऱ्या दुकानाला १६/७ पुरे. चोवीस तासांचं मॉडेल रुग्णालयाच्या अपघात विभागाला हवं, तुम्हा-आम्हाला त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचं कारण नाही.

*हेझ.* पडद्यावरची चकाकी मोडणारा खरबरीत थर. टक्केवारीत लिहितात. समोर खिडकी असेल तर २५ टक्के किंवा जास्त हेझचं मॉडेल मागा. ही ओळ बघायला कोणी सांगत नाही, आणि डोळ्यांना सगळ्यात आधी हिचाच फरक जाणवतो.

*तापमान.* आत लावायच्या बहुतेक मॉडेल्सवर ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात बाहेरच ४५ च्या वर जातं, मग पत्र्याच्या छताखाली काय होत असेल! थेट उन्हात साधं एलसीडी पॅनल तापून त्यावर काळे डाग उमटतात. शोकेस किंवा बाहेरच्या कामासाठी उच्च तापमान सहन करणारं पॅनल आहे का, हे स्पष्ट विचारा. कोकणात उष्णतेपेक्षा खारी हवा जास्त खाते. तिथे बाहेरच्या फलकाच्या सर्किटवर संरक्षक कोटिंग आहे का आणि फ्रेम, स्क्रू गंजणारे नाहीत ना, हे बघा.

४के की फुल एचडी, यावर फार वेळ घालवू नका. दहा फुटांवरून भाव वाचताना फरक पडत नाही, आणि आता मोठ्या मापात बहुतेक मॉडेल्स ४केच येतात.

४. एलसीडी, व्हिडिओ वॉल की एलईडी भिंत

दुकानात 'एलईडी टीव्ही' म्हणून जो मिळतो तो एलसीडीच. फक्त मागचा दिवा एलईडीचा. खरी एलईडी भिंत म्हणजे छोट्या दिव्यांचे मॉड्यूल जोडून केलेला पडदा. एक-दोन फलक हवे असतील तर डोळे झाकून एलसीडी घ्या.

व्हिडिओ वॉल म्हणजे बारीक कडांचे चार-नऊ एलसीडी एकत्र. दोन पडद्यांमधली काळी रेघ किती, ते विचारा. ३.५, १.७ आणि ०.८८ मिलिमीटर ही नेहमीची मापं आहेत. रेघ जितकी बारीक तितका भाव चढा. भावफलक दाखवायचा असेल तर रेघ अक्षरांवर येते आणि वाईट दिसते, त्यामुळे छोट्या दुकानाला व्हिडिओ वॉल मी सहसा सुचवत नाही.

एलईडी भिंतीत पाहायचं ते पिच, म्हणजे दोन दिव्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. पी २.५, पी ४, पी १० ही नावं त्यावरूनच. आकडा जितका, तितके मीटर तरी बघणारा लांब हवा. पी २.५ जवळून बघायचा तर अडीच मीटर, पी १० दहा मीटर. आता यातली मेख बघा. आठ फुटी रुंद भिंत पी २.५ मध्ये केली तर आडवे ९६० च्या आसपास ठिपके मिळतात, म्हणजे फुल एचडीच्या निम्मे. पूर्ण १९२० ठिपके हवेत तर भिंत ४.८ मीटर, जवळजवळ सोळा फूट रुंद लागते. तेव्हा "मोठी स्क्रीन म्हणजे जास्त स्पष्ट" हे एलईडीत खरं नाही. बारीक मजकूर दाखवायचा असेल तर मोठ्या एलईडी भिंतीपेक्षा ५५ इंची एलसीडी स्पष्ट दिसतो.

पेट्रोल पंपावर, मेडिकलच्या दारावर लाल अक्षरं पळतात ते बहुधा पी १० चे बोर्ड. त्यांच्या एका मॉड्यूलमध्ये उभे १६ ठिपके असतात. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना १६ पुरतात. मराठीत शिरोरेषेच्या वर रफार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर आलं की १६ मध्ये सगळं चेपतं. 'मूर्ती', 'दुर्गा', 'कोल्हापूर' लिहून दाखवा म्हणा. मराठीसाठी मॉड्यूलच्या दोन रांगा, म्हणजे ३२ ठिपक्यांची उंची घ्या.

एलईडी भिंत मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. काळे पट्टे सरकताना दिसले तर रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं तो आकडा, कमी आहे. १,९२० हर्ट्झपेक्षा ३,८४० ची भिंत फोटोत, रीलमध्ये बरी दिसते. ज्वेलर किंवा मंगल कार्यालय असेल तर हा मुद्दा सोडू नका, तिथे गिऱ्हाईक फोटो काढणारच.

५. पडद्यावर मजकूर कशाने चालणार

तीन रस्ते आहेत. पेनड्राइव्ह, स्क्रीनमधलाच प्लेअर (सॅमसंगचा टायझन, एलजीचा वेबओएस, इतर काहींत अँड्रॉइड), किंवा बाहेरचा डबा, जसा ब्राइटसाइन किंवा अँड्रॉइड बॉक्स. एकच स्क्रीन आणि महिन्यातून एकदा बदल असेल तर पेनड्राइव्हची लाज वाटून घेऊ नका. भाव रोज बदलतात किंवा शाखा दोन-तीन आहेत, तर दुरून मजकूर बदलता येईल असं सॉफ्टवेअर लागतं. तिथे चार गोष्टी विचारा:

- वर्गणी दर स्क्रीनमागे आहे की एकत्रित, महिन्याची की वर्षाची?
- इंटरनेट गेलं तर आधीचा मजकूर चालू राहतो का?
- खातं माझ्या ईमेलवर उघडणार की तुमच्या?
- मराठी मजकूर थेट टाइप केला तर जोडाक्षरं नीट उमटतात का?

तिसऱ्या प्रश्नावर अडून बसा. खातं पुरवठादाराच्या नावावर राहिलं तर उद्या माणूस बदलताना तुमच्या हातात काहीच उरत नाही. चौथ्यासाठी डेमोतच 'श्रीखंड, बाकरवडी, ज्वारीच्या लाह्या, ७५० ग्रॅम' असं काहीतरी टाइप करून घ्या. काही स्वस्त बॉक्सवर अक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. तसं झालं तर मजकुराचं चित्र करून टाकणं हा सोपा उपाय. युनिकोड फॉन्ट वापरा. मुक्ता आणि बालू हे मुंबईच्या एक टाइपचे फॉन्ट मोफत आहेत आणि लांबून छान वाचता येतात. शिरोरेषा फार बारीक असलेले नाजूक फॉन्ट लग्नपत्रिकेसाठी ठेवा.

६. पुरवठादार कसा ओळखायचा

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली इथे वस्तूचा भाव चांगला मिळतो. मॉडेल नंबर तुम्हीच ठरवला असेल आणि बसवायला हाताशी चांगला वायरमन असेल तर तिथून घेण्यात काही चूक नाही. ठरवणं, बसवणं आणि नंतर सांभाळणं हे सगळं हवं असेल तर इंटिग्रेटर लागतो. तो महाग पडतो, आणि तो खरंच जाणकार आहे का, हे बघणं तुमचं काम.

त्याने तुम्हाला काय विचारलं ते आधी मोजा. ऊन, अंतर, तास, मजकूर, भिंत, वीज यातलं निम्मं तरी स्वतःहून विचारतो का? नुसता पीडीएफ कॅटलॉग व्हॉट्सअॅप करणाऱ्याला मी यादीतून काढतो. रत्नागिरीच्या वेळी एका मोठ्या एजन्सीच्या माणसाने जागा न बघता, फोनवरच बाहेरच्या भिंतीसाठी आतलं मॉडेल सुचवलं होतं. त्याच्याशी बोलणं तिथेच संपलं.

मग तुम्ही विचारा:

- दोन वर्षांपूर्वी बसवलेलं एखादं काम दाखवा. नवीन काम सगळ्यांचंच चकचकीत असतं. तिथे दुपारी जा आणि मालकाऐवजी रोज स्क्रीन चालू करणाऱ्या माणसाशी बोला.
- बंद पडली तर कोण येणार? तुमचा माणूस की कंपनीचं सेवा केंद्र? आमच्या गावात किती दिवसांत?
- वॉरंटी जागेवर येऊन की पॅनल उचलून न्यायचं? ५५ इंची पॅनल टेम्पोत घालून कोल्हापूरला नेणं हा काय प्रकार असतो, ते नेलं की कळतं.
- एलईडी असेल तर त्याच बॅचचे जादा मॉड्यूल किती देणार? वेगळ्या बॅचचा तुकडा रंगाला जुळत नाही, भिंतीवर ठिगळ दिसतं.
- एलईडी भिंतीतल्या मॉड्यूलना चित्र पोचवणाऱ्या रिसिव्हिंग कार्डाची कॉन्फिगरेशन फाइल मला पेनड्राइव्हवर देणार का? नोव्हास्टार, कलरलाइट अशी कार्डं असतात. ही फाइल नसली तर कार्ड बदलल्यावर दुसऱ्या तंत्रज्ञाला भिंत पुन्हा जुळवायला घाम फुटतो.

या व्यवसायात अविक्सा या संस्थेचं सीटीएस नावाचं प्रमाणपत्र आहे. ते असलेला माणूस कंपनीत असेल तर चांगली गोष्ट. पण नाही म्हणून कोणाला बाद करू नका, गावाकडचे काही उत्तम कारागीर प्रमाणपत्राविनाच आहेत. मुंबईत दरवर्षी भरणाऱ्या इन्फोकॉम इंडिया प्रदर्शनाला जमलं तर एक चक्कर मारा. २,५०० निट्स आणि ५०० निट्स शेजारी-शेजारी बघितले की पत्रकातले आकडे डोक्यात बसतात.

शेवटची चाचणी तुमच्याच दुकानात. डेमो युनिट आणायला सांगा, दुपारी, तुमच्या मजकुरासह. कंपनीचा डेमो व्हिडिओ बघून निर्णय घेऊ नका. त्यातली फुलं आणि पोपट कुठल्याही पडद्यावर छान दिसतात.

७. कोटेशनमध्ये काय असलंच पाहिजे

'५५ इंच कमर्शियल डिस्प्ले, १ नग' एवढ्यावर सही करू नका. हे मागा:

- पूर्ण मॉडेल नंबर आणि त्याचं माहितीपत्रक
- निट्स, चालण्याचे तास, उभी लावता येते की नाही
- ब्रॅकेट, केबल, वायरिंग, बसवण्याची मजुरी वेगवेगळ्या ओळींत
- सॉफ्टवेअरची पहिल्या वर्षानंतरची वर्गणी
- वॉरंटी किती वर्षं, जागेवर की नाही, किती ठिपके मेले तर पॅनल बदलून देणार
- जीएसटी वेगळा दाखवलेला

३२ इंचांवरच्या टीव्ही आणि मॉनिटरवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. जुन्या दराचं कोटेशन कोणी पुढे केलं तर परत पाठवा. भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (आपल्या करातून वजावट) मिळणार की नाही, तेही सीएला विचारा. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला आणि ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या रेस्टॉरंटला ते मिळत नाही, त्यांनी तुलना करताना जीएसटीसकट रक्कम धरावी.

बॉक्सवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, 'R-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा आणि बीआयएस केअर ॲपवर तपासा. सीरियल नंबर कंपनीच्या भारतातल्या ग्राहक सेवेला सांगून वॉरंटी लागू आहे ना, ते विचारा. परदेशातून परस्पर आलेला माल स्वस्त मिळतो, पण इथली वॉरंटी त्याला नसते.

८. परवानग्या

आत लावलेल्या भावफलकाला सहसा कोणी काही विचारत नाही. बाहेरच्या भिंतीवर किंवा रस्त्याकडे तोंड करून काही लावायचं असेल तर आधी महापालिकेत जा. पुण्यात आकाशचिन्ह व परवाना विभाग, इतर ठिकाणी परवाना किंवा जाहिरात विभाग. १३ मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग कोसळून १७ जण गेले, तेव्हापासून मजबुतीच्या कागदांकडे काटेकोरपणे बघतात, आणि बघायलाच हवं. जाताना हे सोबत ठेवा:

- शॉप ॲक्टचा दाखला
- जागामालकाचं किंवा सोसायटीचं ना हरकत पत्र
- मालमत्ता कराची पावती
- फलकाचं माप आणि वजन दाखवणारं रेखाचित्र, जागेचे फोटो
- स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र

दुकानाचं नावच एलईडीवर फिरवायचं डोक्यात असेल तर सोडून द्या. राज्याच्या कायद्याप्रमाणे नामफलकावर सुरुवातीला देवनागरी मराठी हवं आणि ते इतर लिपीपेक्षा लहान नको. आलटून-पालटून दिसणाऱ्या नावावर तपासनिसाशी वाद घालण्यापेक्षा नामफलक साधा, स्थिर ठेवलेला बरा. खाण्याच्या धंद्यात दहा किंवा जास्त शाखा असतील, किंवा केंद्रीय परवाना असेल, तर भावफलकावर पदार्थाची कॅलरीही दाखवावी लागते. १ जुलै २०२२ पासून ते बंधनकारक आहे, त्या ओळीची जागा मांडणीत आधीच सोडा. आणि पडद्यामागे सिनेमाची गाणी वाजवणार असाल तर त्याचा परवाना वेगळा लागतो.

९. बसवण्याच्या दिवशी

स्वतंत्र एमसीबी, नीट अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर याशिवाय प्लग घालू देऊ नका. एलईडी भिंत असेल तर मीटरचा मंजूर भार पुरतो का, हे वायरमनकडून आधीच तपासून घ्या. मागे हवा खेळायला जागा हवी. सुताराला हौस असते, तो चारी बाजूंनी लाकडी चौकट बंद करतो. पत्रकात दिलेली मोकळी जागा त्याला खडूने भिंतीवर आखून द्या.

काम झालं की माणसं जाण्याआधी मेन स्विच बंद करा, पाच मिनिटं थांबा, चालू करा. काहीही न दाबता तुमचा मजकूर परत आला पाहिजे. मग मोबाइलवरून एका पदार्थाचा भाव तुम्ही स्वतः बदलून बघा, त्यांच्या माणसाला हात लावू देऊ नका. पासवर्ड, सीरियल नंबरचा फोटो, वॉरंटी कार्ड, कॉन्फिगरेशन फाइल आणि जादा मॉड्यूल ताब्यात घ्या. पैसे निम्मे ऑर्डरबरोबर, चाळीस टक्के बसवल्यावर आणि दहा टक्के महिनाभर विनातक्रार चालल्यावर, असं मी कोटेशनवरच लिहून घेतो. यावर कुरकुर करणारे भेटतील. ज्याला आपल्या कामाची खात्री असते तो फक्त तारीख विचारतो.